बिनोल्याचं सैनिकी विद्यापीठ, मलप्रभेचा पूर आणि आपले घाट

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हरियाणात गुरुग्राम, मानेसर ओलांडून जयपूरच्या दिशेनं निघालं की बिनोला नावाचं गाव लागतं. तिथं दोनशे एकरांहून थोड्या जास्त जागेवर भारतीय राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठ उभारायचं ठरलं आणि २३ मे २०१३ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते पायाभरणी झाली. कल्पना मात्र त्याहून फार जुनी. सेनादलांच्या प्रमुखांच्या समितीनं १९६७ मध्येच असं विद्यापीठ हवं म्हणून प्रस्ताव दिला होता. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं त्याचा अभ्यास केला, २०१० मध्ये मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी आली आणि २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला गेला. एवढं सगळं होऊनही पायाभरणीनंतर कित्येक वर्षं तिथं वर्ग भरले नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण हा धागा सरकारी दिरंगाईवर काढलेला नाही. अशा विद्यापीठाच्या आजूबाजूला कुठला युद्धेतिहास पडलेला आहे आणि शिकणाऱ्याला तो जमिनीवर कसा दाखवता येईल, यावर बोलायचंय. बिनोल्याचं बोलता बोलता आपल्या बेळगावकडेही यायचंय. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, ज्युनियर लीडर्स विंग, मिलिटरी स्कूल, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण. एवढ्या सैनिकी शाळा पदरात असलेलं गाव आपलं. मग इथल्या जमिनीचा इतिहास इथल्याच पोरांना का ठाऊक नसावा?

त्या बाजूला कोणी राहत असेल तर आधी त्यांनी लिहावं.

निपाणीकर_मानेसर

मी तिकडे नोकरीला आहे, म्हणून लिहितो. बिनोला महामार्गालगतच आहे. गंमत बघा, तो महामार्ग ४८ क्रमांकाचा. दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे करत निपाणी, बेळगाव, हुबळीवरून थेट चेन्नईला जातो. आपण ज्याला अजून पुणे-बंगळूर रोड म्हणतो तोच. बिनोल्याच्या फाट्यावर उभं राहून डावं-उजवं न करता चालत सुटलं तर माणूस हत्तरगीच्या टोलनाक्यावर येईल.

जमीन सपाट. एका बाजूला अरवलीच्या बुटक्या डोंगरांची रांग, पलीकडे साहिबी नदीचं कोरडं पात्र. दिल्लीवर नैऋत्येकडून येणाऱ्याला याच पट्ट्यातून यावं लागतं, म्हणून इथं लढाया झाल्या. रेवाडीचे राव तुलाराम १८५७ मध्ये इथूनच उठले. नारनौलजवळ नसीबपूरला १६ नोव्हेंबर १८५७ रोजी मोठी लढाई झाली, त्यात इंग्रजांचा सेनापती कर्नल जेरार्ड पडला. तुलाराम पुढे मदत मिळवायला काबूलपर्यंत गेले आणि १८६३ मध्ये तिकडेच वारले.

या भागाला अहीरवाल म्हणतात. चीन युद्धातली लडाखमधली रेझांग ला खिंडीची लढाई माहीत असेलच. १८ नोव्हेंबर १९६२, मेजर शैतान सिंह, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी. सव्वाशेच्या आसपास जवान होते, शंभरहून जास्त तिथंच पडले. त्यातले बहुतेक याच रेवाडी-महेंद्रगडच्या गावांचे. रेवाडीला त्यांचं स्मारक आहे. इथं घरटी कोणी ना कोणी पलटणीत असतोच, अगदी आपल्या चंदगड-खानापूर पट्ट्यासारखं.

मलप्रभाकाठ

@निपाणीकर_मानेसर, फार छान लिहिलंत. आता एक धागा जोडतो. बरीच वर्षं डोक्यात आहे, पण सलग लिहिणं झालं नव्हतं.

जून १८००. श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथल्या कैदेतून सुटलेला धोंडजी वाघ घोडदळ जमवून धारवाड, सौंदत्ती, कित्तूर या मुलखात धुमाकूळ घालत होता. ३० जूनला कित्तूरजवळ त्यानं पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले यांना ठार मारलं. त्याच्या मागावर म्हैसूरहून आलेला इंग्रज सेनापती म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूवाला वेलिंग्टन. वय एकतीस. स्वतंत्रपणे चालवलेली अशी मोठी मोहीम त्याला पहिल्यांदाच मिळाली होती.

आपल्याकडचा आषाढ-श्रावण कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. मलप्रभा कणकुंबीला उगवते, खानापुरावरून येते आणि जुलैत दोन्ही थड्या सोडते. धोंडजीचं सगळं बळ घोड्यावर. घोडा उन्हाळ्यात नदीच्या कुठल्याही उतारावर पार होतो, पूर आला की अडतो. ३० जुलै १८०० रोजी वेलस्लीनं लांबची मजल मारून दुपारी मनोळीसमोर छापा घातला. मनोळी म्हणजे आजची सौंदत्ती तालुक्यातली मुनवळ्ळी. धोंडजीच्या सैन्याचा एक भाग बुणग्यांसह नदीच्या दक्षिण काठावर उतरलेला होता. पुढं इंग्रज आणि मागं भरलेली मलप्रभा. माणसं, उंट, बैल, घोडी नदीत ढकलली गेली, कितीतरी बुडाली. तोफा आधीच पलीकडे नेलेल्या होत्या. त्या गोऱ्या शिपायांनी पोहत जाऊन, पलीकडची नाव पकडून ताब्यात घेतल्या. धोंडजी स्वतः त्या दिवशी निसटला, पण १० सप्टेंबरला कोनगलला मारला गेला. त्याचा लहान मुलगा सलाबत खान सापडला, त्याची सोय वेलस्लीनं स्वतः लावली, हेही नोंदलेलं आहे.

आता खरा मुद्दा. या मोहिमेनंतर वेलस्लीनं मराठी मुलखात लढाई कशी करावी यावर एक टिपण लिहिलं. त्याचं सार असं: मराठ्यांशी लढायचं तर पावसाळ्यात लढा. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा भरलेल्या असतात, त्यांच्या घोडदळाला उतार सापडत नाही, आपल्याकडे मात्र होड्या असल्या तर आपण पार होऊ. त्या होड्या म्हणजे टोपलीच्या आकाराच्या, वरून कातडं चढवलेल्या, इथल्याच लोकांच्या. तोवर पावसाळा म्हणजे छावणी, हा सगळ्यांचाच रिवाज. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं. त्यानं तोच रिवाज उलटा केला.

आणि १८०३ मध्ये त्यानं ते करून दाखवलं. ऐन पावसाळ्यात, १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांची फौज मोडली. त्याच युद्धात उत्तरेत दुसरा इंग्रज सेनापती लेक यानं दिल्ली आणि आग्रा घेतलं, १ नोव्हेंबरला अलवरजवळ लासवाडीला शिंद्यांचे उरलेले कंपू, म्हणजे कवायती पलटणी, संपवले. ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. इंग्रजांच्या बाजूनं तो ठरवणारा माणूस कोण? हाच वेलस्ली. त्या तहानं शिंद्यांकडून जो मुलूख कंपनीकडे गेला त्यात गुडगाव भाग होता, म्हणजे ज्या मातीत बिनोला आहे तोच!

मनोळीचा काठ आणि बिनोल्याचं शेत यांच्यात साडेतीन वर्षांचं अंतर आहे आणि मध्ये एकच माणूस. सैनिकी विद्यापीठात शिकवायला यापेक्षा चांगला धडा कुठला असेल?

जुनी_पलटण

वाचून अंगावर काटा आला ओ सर. पलटणीत आयुष्य गेलं, नदी पार करायचं ट्रेनिंग घेतलं, दिलं, पण सौंदत्ती तालुक्यात वेलिंग्टननं हे केलंय हे आज कळतंय.

आमच्या सेंटरचं थोडं सांगतो. पहिली पलटण १७६८ ची, तिला जंगी पलटण म्हणतात. दुसरी ती काळी पाचवी. सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. आत शर्कत युद्ध स्मारक आहे. शर्कत म्हणजे आजच्या इराकातलं, १९१८ ची लढाई, ११४ मराठा तिथं लढली. रंगरूट कसम परेडच्या आधी पलटणीचा इतिहास शिकतो. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव ही नावं त्याला पाठ असतात. घाडगे १० जुलै १९४४ ला पडले. जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठावर पराक्रम केला. तिथंही नदीच की. बांधावर पेरलेले सुरुंग, समोर मशिनगन, आणि हा गडी जखमी साथीदारांना पाण्यातून ओढून आणतोय, मग परत जाऊन एकट्यानं मशिनगनी गप्प करतोय.

इटलीतली नदी रंगरूटाला ठाऊक असते. सेंटरपासून दोन-अडीच तासांवरची मनोळीची मलप्रभा त्याला फक्त एसटीच्या खिडकीतून दिसते.

सई_टिळकवाडी

माझा भाऊ खडकवासल्याहून पास झाला. तिथल्या पदवीवर जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं नाव असतं. तमिळनाडूतल्या वेलिंग्टन गावच्या स्टाफ कॉलेजची पदवी मद्रास विद्यापीठाची, सिकंदराबादच्या डिफेन्स मॅनेजमेंट कॉलेजची उस्मानियाची. म्हणजे शिकवणार सैन्य, शिक्का दुसऱ्याचा. हे सगळं एका छताखाली आणायचं हाच बिनोल्याच्या विद्यापीठाचा मुख्य हेतू होता ना?

आणि गुजरातेत राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ म्हणून जे आहे, ज्याचं एक केंद्र आपल्या शिवमोग्ग्यालाही आहे, ते हेच का? बरेच जण दोन्हींची गल्लत करतात.

मलप्रभाकाठ

@सई_टिळकवाडी, हेतू बरोबर ओळखलात. आणखी एक होता: तिन्ही दलांचे अधिकारी, परराष्ट्र खात्याचे, पोलिसांचे आणि नागरी संशोधक एका वर्गात बसावेत. कारगिलनंतर जे बोललं गेलं त्याचा गाभाच हा होता, की माहिती आणि विचार आपापल्या कप्प्यात बंद राहतात.

गुजरातचं वेगळं. ते गांधीनगर जिल्ह्यात आहे, २०२० च्या कायद्यानं राष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि ते गृहखात्याच्या अखत्यारीत येतं. भर पोलीस आणि अंतर्गत सुरक्षेवर. बिनोल्याचं संरक्षण खात्याचं.

गडवाट_चंदगड

सर, मलप्रभेचं मान्य, पण बेळगावची खरी चावी घाटात आहे असं मला वाटतं.

नकाशा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला सह्याद्रीची धार, खाली गोवा आणि तळकोकण. वर चढायच्या वाटा मोजक्याच. उत्तरेला आंबोली, मग रामघाट, चोर्ला, आणि दक्षिणेला अनमोड. वेंगुर्ल्याच्या बंदरावर उतरलेला माल रामघाटानं वर येऊन बेळगावला पोचायचा, इंग्रजांच्या छावणीचं सामानही त्याच वाटेनं. या वाटांवर नजर ठेवायला किल्ल्यांची माळ आहे: पारगड, कलानंदीगड, महिपालगड, गंधर्वगड, आणि बेळगावच्या अंगणातला येळ्ळूरचा राजहंसगड. दक्षिणेला जंगलात भीमगड. पारगडावर तानाजी मालुसऱ्यांच्या मुलाला, रायबाला, महाराजांनी किल्लेदारी दिली अशी परंपरा आहे आणि तिथले लोक ती आजही जिवापाड जपतात.

पारगडाच्या पश्चिम कड्यावर उभं राहिलं की समजतं गड इथंच का. दरीतून वर येणारी वाट पायाखाली, तिलारीचं खोरं समोर, आणि हवा स्वच्छ असेल तर खालचा मुलूख पार दूरवर उलगडतो. वर चढणारा माणूस दमलेला आणि एकामागे एक ओळीत. गडावरच्या थोड्या लोकांनी तो अडवायचा.

बेळगावचा भुईकोट मात्र याच्या अगदी उलटा. सपाटीवर, भोवती खंदक. रट्ट राजांच्या काळातला, १२०४ चा. आतली कमल बस्ती त्याच काळातली. पुढे आदिलशाहीत असदखान लारीनं त्याला बळकट केलं. तो घाटाची वाट अडवत नाही, घाट चढून आलेलं जे काही असेल ते साठवतो. गड आणि भुईकोट मिळून एकच व्यवस्था होती, असं माझं म्हणणं.

येळ्ळूरकर

एवढं आहे तर बेळगाव आपल्याकडे का नाही ते पण लिहा की.

व्यवस्थापक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडे लिहावं ही विनंती. इथं विषय युद्धेतिहासाचा राहू द्या.

मलप्रभाकाठ

@गडवाट_चंदगड, तुमची मांडणी पटली. तिला १८१८ चं इंग्रज-पेशवे युद्ध जोडतो. इंग्रज अधिकारी थॉमस मन्रोकडे त्या वेळी पलटणी अगदी थोड्या होत्या. त्यानं गावोगावचे शिबंदी प्यादे नोकरीला ठेवले, वसुलीचा अधिकार आपल्याकडे घेतला, आणि पेशव्यांचं ठाणं किल्ल्यात असतानाच भोवतालचा मुलूख हळूहळू त्याच्या हातातून काढला. त्यानंतर मार्चमध्ये बेळगावला वेढा पडला आणि १० एप्रिल १८१८ ला किल्ला खाली झाला. भिंती भक्कम होत्या, खंदक होता, पण बाहेरून रसद आणि माणूस यायचा बंद झाला होता. घाटावरचे गड आणि भुईकोट यांच्यातला दुवा तुटला की काय होतं ते दिसतं. आधी मुलूख, मग किल्ला, हा मन्रोचा क्रम आजही शिकवण्यासारखा आहे.

आणि सहा वर्षांतच, २३ ऑक्टोबर १८२४ ला, कित्तूरच्या चन्नम्मा राणीच्या माणसांनी धारवाडच्या कलेक्टर थॅकरेला कित्तूरच्या वेशीत पाडलं. संगोळ्ळी रायण्णा त्यापुढेही खानापूर-नंदगडच्या जंगलाच्या आधारानं लढत राहिला. २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला त्याला फाशी दिलं. मुलूख जिंकला म्हणजे लोक जिंकले असं नसतं, हे मन्रोच्याच पद्धतीचं दुसरं अंग.

लोंढा_जंक्शन

आता गोव्याचं लिहा, नाहीतर मी लिहितो. लिहितोच.

१९६१. लोंढ्याहून पुढे कॅसलरॉक म्हणजे भारतातलं शेवटचं स्टेशन. तिथं कस्टम. त्यापलीकडे दूधसागर आणि पोर्तुगीजांचं राज्य. आमचे वडील सांगायचे, डिसेंबर उजाडला आणि खानापूर रोडला मिलिटरीच्या गाड्यांची रांग लागली, रात्री दिवे न लावता. शेतात मळणी चालू होती, लोक काम टाकून बांधावर उभे.

१७ वी इन्फंट्री डिव्हिजन, मेजर जनरल कॅन्डेथ, जमवाजमव बेळगावला. मुख्य चाल पूर्वेकडून, ६३ ब्रिगेड अनमोडवरून मोलेंला उतरायची. उत्तरेकडून दोडामार्गला ५० पॅरा ब्रिगेड, ब्रिगेडियर सगतसिंग. तिचं काम खरं तर दुय्यम होतं.

१८ डिसेंबरला सुरुवात झाली. सांबऱ्याहून सहा हंटर विमानं उडाली आणि बांबोळीचं रेडिओ केंद्र फोडलं. पुण्याहून कॅनबेरा बॉम्बर दाबोळीच्या धावपट्टीवर गेले. अनमोडच्या बाजूला रस्ता अडवलेला, सुरुंग, पूल उडवलेले, वळणावळणाचा घाट. जवान मोलेंच्या पुढे सरकले, पण उडवलेल्या पुलांपाशी अडले आणि दिवस संपला. आणि दुय्यम काम दिलेली ५० पॅरा तेवढ्यात डिचोली, उसगाव, फोंडा, बाणस्तारी करत पुढे सरकली! १९ ला सकाळी शिखांची पलटण बेतीहून मांडवी ओलांडून पणजीत. संध्याकाळी गव्हर्नर जनरलनं शरणागती लिहून दिली.

फोंड्याच्या बाजूनं जी पलटण गेली ती २ पॅरा, मराठा. @जुनी_पलटण काकांना त्याचं जास्त ठाऊक.

जुनी_पलटण

होय की. ती मूळची तिसरी मराठा. १९४६ ला पॅरा झाली. घाडगे त्याच पलटणीचे.

लोंढा_जंक्शन यांनी बरोबर नस पकडली. मुख्य वाट घाटाची होती आणि घाट हळू चालू देतो. दोडामार्गकडून उतार सौम्य, सगतसिंगांनी वेळ ओळखली आणि थांबले नाहीत. योजनेत दुय्यम लिहिलंय म्हणून आपण मागे राहायचं, असं त्यांनी धरलं नाही. सेक्शन कमांडरला मी हेच सांगत आलो, पण उदाहरण देताना लांबलांबची युद्धं काढायचो. अनमोडला नेऊन, शेवटच्या वळणावर उभं करून, 'इथून तू दहा गाड्या खाली ने, पूल उडालेत असं समज' म्हटलं की पोरगा स्वतःच सगळं सांगेल.

निपाणीकर_मानेसर

लासवाडीबद्दल एक भर. तिथं शिंद्यांच्या कंपूंचे बहुतेक युरोपियन अधिकारी आधीच सोडून गेले होते. तरी शिपाई तोफांजवळून हलले नाहीत. लेकनं स्वतः त्यांच्या लढण्याची वाखाणणी लिहून ठेवली आहे. हेच कंपू महादजींच्या हयातीत त्यांचा युरोपियन सेनानी द बॉयन्य याच्या हाताखाली २० जून १७९० ला पाटणला जिंकले होते, आणि पाटण नारनौलपासून फार लांब नाही. बिनोल्याहून एका दिवसात पाटण आणि नसीबपूर, दुसऱ्या दिवशी लासवाडी बघता येईल. विद्यापीठ सुरू होईल तेव्हा होईल, जमीन तर आजही आहे. अलवरकडचे लोक लासवाडीला फारसे जात नाहीत, मराठी माणूस तर दिसतच नाही. मला ते खुपतं.

सई_टिळकवाडी

मी कॉलेजात शिकवते. मुनवळ्ळी, अनमोड, पारगड आणि भुईकोट अशी अभ्याससहल करायची का? कन्नड माध्यमाच्या मुलांनाही घेऊ. वेलस्लीची मोहीम काय, चन्नम्मा-रायण्णा काय, दोन्हीकडच्या मुलांचा इतिहास आहे. माहितीची पानं मराठी आणि कन्नड दोन्हींत काढू. कन्नडचं मी बघते.

मलप्रभाकाठ

@सई_टिळकवाडी, नक्की करू. मुनवळ्ळी जुलैच्या शेवटीच हवी. नविलुतीर्थाचं धरण झाल्यापासून नदीचं रूप बदललंय, पण पावसात पाणी बघितल्याशिवाय ३० जुलैचा छापा समजणार नाही. यरगट्टीवरून जायचं, बस मिळतात. मुलांना काठापासून लांब उभं करायचं, हे मात्र कडक पाळू. जाण्याआधी वर्गात एक काम द्यावं: नकाशा समोर ठेवून मुलांनी धोंडजीच्या बाजूनं विचार करायचा. तळ कुठं टाकाल, तोफा आधी नेल्या तर माणसं मागे का राहिली, पूर ओसरायची वाट बघाल की पूर्वेला सरकाल? वेलस्ली जिंकला हे सगळेच सांगतील. हरलेल्याला काय करता आलं असतं हे ज्याला मांडता येईल त्याला युद्धेतिहास कळला.

लोंढा_जंक्शन

अनमोड पावसात ठेवू नका ओ. दरड येते, धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही. १८ डिसेंबरच्या आसपासचा रविवार धरा, म्हणजे तेव्हा होती तीच हवा, तोच उजेड. रामनगरात चहा-नाश्त्याची सोय मी करतो. मोलेंपर्यंत खाली उतरून परत यायला दिवस पुरतो. जुनी_पलटण काका, शेवटच्या वळणावर तुम्हीच बोलायचं.

जुनी_पलटण

येतो. पोरांना वही-पेन्सिल आणि पाण्याची बाटली आणायला सांगा. वळणावर गाडी थांबवायला जागा नाही, अलीकडच्या सपाटीवर लावून तेवढं चालत जायचं.